निवाडा झाला, न्याय राहिला: ‘अनफर्गिव्हन’ समजून घेताना

मराठीत आपण ‘न्यायनिवाडा’ हा जोडशब्द सहज वापरतो, जणू दोन्ही एकच. निवाडा म्हणजे तंटा मिटवणारा निर्णय. कोणी काय द्यायचं, कोणी काय घ्यायचं ते ठरलं की सगळे आपापल्या घरी जायला मोकळे. न्याय त्याहून अवघड. ज्याच्यावर घाव झाला त्याचं कोणीतरी ऐकून घेतलं, त्याला माणूस म्हणून मोजलं, हे त्यात यावं लागतं. क्लिंट ईस्टवुडचा १९९२ सालचा ‘अनफर्गिव्हन’ हा सिनेमा या दोन शब्दांमधल्या फटीत घडतो. वरवर पाहिलं तर घोडे, बंदुका, टोप्या, धुळीचे रस्ते असा नेहमीचा वेस्टर्न. पण पहिल्या दहा मिनिटांत त्यात एक निवाडा होतो आणि पुढचे दोन तास त्या निवाड्यात न्याय नव्हता याची किंमत सगळं गाव मोजतं. हे समजावताना शेवट सांगावाच लागणार आहे. ज्यांना आधी सिनेमा पाहायचा आहे त्यांनी तो पाहून मग इकडे यावं.

साल १८८०. अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं बिग व्हिस्की नावाचं काल्पनिक गाव. पावसाची रात्र. गावातल्या दारूच्या गुत्त्यात काही बायका शरीरविक्रय करून पोट भरतात. त्यांच्यातली डेलायला वयाने लहान आहे, नवखी आहे. एका गिऱ्हाइकाला पाहून तिला नकळत हसू फुटतं. तो माइक नावाचा गुराखी. त्याचा पुरुषी अहंकार दुखावतो आणि तो सुरीने तिच्या चेहऱ्यावर वार करत सुटतो. त्याचा तरुण सोबती डेव्ही आधी तिला धरायला मदत करतो, मग घाबरून त्याला आवरू पाहतो.

गावचा शेरीफ येतो. लिटल बिल डॅगेट. ही भूमिका जीन हॅकमन यांनी केली आहे आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. बायकांमधली मोठी, ॲलिस, म्हणते की दोघांना फाशी द्या. लिटल बिल चाबूक मागवतो. म्हणजे फाशी नाही, पण शिक्षा आहे. इतक्यात गुत्त्याचा मालक स्किनी एक कागद पुढे करतो. या मुलीला बॉस्टनहून इथवर आणायचा खर्च मी केला, तिच्याशी माझा रीतसर करार आहे, आता हा चेहरा घेऊन ती कमावणार काय? चाबकाने माझं नुकसान भरून येणार नाही.

आणि लिटल बिलला ते पटतं. तो दोघांना विचारतो, की खटल्याची कटकट तुम्हालाही नकोच असेल ना? मग ठरतं: माइकने पाच घोडे द्यायचे, डेव्हीने दोन. कोणाला? स्किनीला.

मराठीत ‘दंड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जुना अर्थ शिक्षा, आजचा रोजचा अर्थ भरायची रक्कम. या प्रसंगात एका अर्थाच्या जागी दुसरा येऊन बसतो, आपल्या डोळ्यांदेखत. आणि तो बसताच गुन्ह्याचं स्वरूपच बदलतं. एका माणसाने दुसऱ्या माणसाला कापलं, हा गुन्हा उरत नाही. एकाने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, एवढंच उरतं. फिर्यादी डेलायला नाही, स्किनी आहे. ती फक्त मुद्देमाल. बाजूच्या खोलीत ती रक्ताने माखून पडलेली आहे आणि तिला कोणी एक प्रश्नही विचारत नाही. बायका संतापल्यावर लिटल बिल समजुतीच्या सुरात सांगतो की ही काही वाईट पोरं नाहीत, कष्टकरी आहेत, चूक झाली त्यांच्याकडून. त्या बोलण्यातलं न बोललेलं ॲलिसला नेमकं कळतं: म्हणजे वाईट कोण, आम्ही? पुढे ती बायकांना म्हणते की पुरुष आपल्यावर घोड्यांसारखे स्वार होत असतील, पण म्हणून त्यांनी आपल्याला घोड्यांसारखं डागायचं नाही. डागलेलं जनावर मालकाचं असतं. निवाड्यात काय चुकलं ते ॲलिसने एका वाक्यात सांगितलं आहे.

इथे एक प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्या काळी त्या मुलखात कायदाच नव्हता का? वेस्टर्न सिनेमांनी आपली अशी समजूत करून दिली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. वायोमिंगला राज्याचा दर्जा १८९० साली मिळाला, पण ‘टेरिटरी’ म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश म्हणून त्याची रचना १८६८ सालीच झाली होती. तीन न्यायाधीश होते, त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करत, आणि ते आपापल्या विभागात न्यायालय भरवत. ज्युरी होती. शेरीफ हा पोलीस अधिकारी. पकडायचं आणि न्यायालयापुढे उभं करायचं, एवढं त्याचं काम. चेहरा कापल्याबद्दल किती घोडे द्यायचे हे ठरवायचा त्याला कायद्याने अधिकारच नव्हता.

त्याहून मनात राहणारी गोष्ट आहे बायकांची. याच वायोमिंगने १० डिसेंबर १८६९ रोजी स्त्रियांना मताधिकार दिला. सबंध देशात अशी तरतूद व्हायला १९२० साल उजाडावं लागलं. १८७० साली लॅरमी गावात स्त्रिया ज्युरीवर बसल्या. त्याच वर्षी साउथ पास सिटी इथे एस्थर हॉबर्ट मॉरिस या बाई ‘जस्टिस ऑफ द पीस’ झाल्या, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या न्यायाधीश. ज्युरीवरचा हक्क पुढच्याच वर्षी काढून घेतला गेला, मताधिकार राहिला. सिनेमा यातलं काहीच सांगत नाही. पण हे माहीत असेल तर तो गुत्त्यातला प्रसंग आणखी अंगावर येतो. कागदावर मत देऊ शकणाऱ्या बायका आणि दुसऱ्या कागदावर मालकाच्या मालात धरलेल्या बायका, एकाच मुलखात, एकाच दशकात. कायदा नव्हता म्हणून डेलायलाला न्याय मिळाला नाही असं नाही. कायदा होता, तिच्या दाराशी येईपर्यंत त्याने कोणाचा कागद आधी वाचायचा ते ठरवलेलं होतं.

आता ‘रिव्हिजनिस्ट वेस्टर्न’ म्हणजे काय ते पाहू, कारण या सिनेमाला हे लेबल नेहमी लावलं जातं. वेस्टर्न हा हॉलीवूडचा फार जुना प्रकार. त्याचा पाया ‘फ्रंटियर’ या कल्पनेवर आहे. आपण याला सरहद्द म्हणू, पण ही दोन देशांमधली सीमा नव्हे. गोऱ्या वसाहतींची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड म्हणजे फ्रंटियर. कडेच्या अलीकडे शाळा, चर्च, न्यायालय; पलीकडे ‘मोकळी’ जमीन. ती मोकळी नव्हती. वायोमिंगमध्ये शोशोनी, अरापाहो, शायान, क्रो, लकोटा हे लोक राहत होते आणि त्यांना हटवून ती मोकळी केली गेली. १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच जाहीर केलं की अशी सलग कड आता दाखवता येत नाही. फ्रंटियर संपली, तिच्या गोष्टी मात्र सुरूच राहिल्या.

या गोष्टींमध्ये एक ठरलेला सौदा असे. रानटी मुलखात एक सज्जन बंदूकवाला येतो, दुष्टांना मारतो, त्याच्या हिंसेतून गावात कायदा उगवतो. हिंसा वाईट, पण योग्य माणसाच्या हातात असली की पवित्र. शिवाय १९३४ ते १९६८ या काळात हॉलीवूडवर नीतिनियमांची एक संहिता लागू होती आणि तिच्यानुसार गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता. त्यामुळे चांगल्या-वाईटाचा हिशेब शेवटच्या रिळापर्यंत चुकता होई. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संहिता गेली, व्हिएतनाम युद्धाची दृश्यं घरोघरी टीव्हीवर दिसू लागली, नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर होती. हा सौदा तपासून पाहणारे वेस्टर्न तेव्हा येऊ लागले. जमीन कोणाची होती? बंदूकवाला खरंच सज्जन होता का? कायदा आला तो कोणासाठी? असे प्रश्न विचारणारा वेस्टर्न तो रिव्हिजनिस्ट, म्हणजे जुन्या गोष्टीचा फेरविचार करणारा.

फेरविचार करणारे सिनेमे बरेच आहेत. ‘अनफर्गिव्हन’ला वेगळं वजन येतं ते तो कोणी केला यामुळे. दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांच्या साठच्या दशकातल्या चित्रपटांत डोळे बारीक करून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता माणसं मारणारा तरुण म्हणजे क्लिंट ईस्टवुड. ती प्रतिमा जगभर गेली. डेव्हिड वेब पीपल्स यांनी या सिनेमाची पटकथा सत्तरच्या दशकात लिहिली होती. ईस्टवुडने ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतली आणि काही वर्षं बाजूला ठेवली, आपलं वय त्या भूमिकेला शोभेसं होईपर्यंत. चित्रीकरणाच्या वेळी तो ६१ वर्षांचा होता. शेवटी पडद्यावर अर्पणपत्रिका येते, ‘सर्जिओ आणि डॉन यांना’: लिओने आणि डॉन सीगल, त्याचे दोन गुरू. ज्यांनी ती प्रतिमा घडवली त्यांनाच त्या प्रतिमेची झाडाझडती अर्पण. मला यात कृतज्ञता दिसते आणि प्रामाणिकपणाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा फक्त तिसरा वेस्टर्न. दिग्दर्शनाचं आणि संकलनाचंही मिळालं.

ईस्टवुडचा विल्यम मनी हा कधीकाळी आगगाड्या उडवून देणारा, बायकापोरांनाही मारलेला खुनी. त्याला दारूतून आणि त्या आयुष्यातून बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने, क्लॉडियाने. ती १८७८ साली देवीच्या साथीत गेली. आता तो कॅन्ससमध्ये दोन मुलांना घेऊन डुकरं पाळतो, आणि डुकरांनाही ताप आलाय. पहिल्यांदा तो आपल्याला जवळून दिसतो तो चिखलात पडलेला. घोड्यावर धड चढता येत नाही. पिस्तुलाने डबा टिपता येत नाही, म्हणून घरातून बंदूक आणतो.

आणि लिटल बिल? त्याला नुसता खलनायक मानलं तर सिनेमा अर्धाच कळला. तो आळशी नाही, लाचखाऊ नाही, भित्राही नाही. गावात शांतता राहावी यासाठी तो मनापासून झटतो. स्वतःच्या हाताने घर बांधतोय, म्हातारपणी ओसरीत बसून सूर्यास्त पाहायचं त्याचं स्वप्न आहे. घर मात्र गळतं. एकही कोन काटकोनात नाही. दिग्दर्शक हे सहज दाखवतो आणि पुढे जातो, पण ज्याच्या घराला ओळंबा नाही त्याच्या निवाड्याला कुठून असणार, हे आपल्या मनात राहतं. त्याने गावात नियम केलाय: शस्त्र आणायचं नाही, वेशीवर जमा करायचं. हे मात्र इतिहासाला धरून आहे. पश्चिमेकडच्या बऱ्याच गावांत असे नियम होते. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत तशी पाटीच होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये असाच वटहुकूम काढला. २६ ऑक्टोबर १८८१ची ओ. के. कोरॅलची प्रसिद्ध चकमक, जिच्यावर आजवर कितीतरी सिनेमे निघाले, ती हा नियम मोडणाऱ्यांची शस्त्रं काढून घ्यायला गेल्यावर झाली. अर्ध्या मिनिटाच्या आसपास चाललेल्या त्या गोळीबारात तीन माणसं मेली. तेव्हा फ्रंटियरवर प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल आणि कायद्याचा पत्ता नाही, हे चित्र सिनेमाने रंगवलेलं. खऱ्या गावांना शांतता हवी होती, कारण शांततेशिवाय व्यापार चालत नाही.

लिटल बिलचा नियम योग्यच आहे, पण अंमलबजावणी? इंग्लिश बॉब नावाचा नामांकित बंदूकवाला गावात शस्त्र लपवून येतो, तर लिटल बिल भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर त्याला लाथांनी तुडवतो. मनी तापाने फणफणलेला गुत्त्यात बसलेला असतो, त्याच्याकडेही पिस्तूल निघतं, त्याचीही तीच गत. ज्या रात्री बाईचा चेहरा कापला गेला तेव्हा ‘आज रक्त पुरे झालं’ म्हणणारा हाच माणूस. त्याची हिंसा हलक्या हाताची नाही, ती निवडून केलेली आहे. सुव्यवस्थेला धक्का बसला की तो पेटतो. एका बाईवर अन्याय झाला म्हणून सुव्यवस्थेला धक्का बसतो असं त्याला वाटतच नाही. आपल्याकडे ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हा शब्दप्रयोगही एका दमात म्हटला जातो. लिटल बिलकडे दुसरा शब्द पूर्ण आहे, पहिला त्याच्या सोयीचा.

निवाड्याच्या रात्रीनंतर बायका साठवलेले पैसे एकत्र करतात आणि १००० डॉलरचं इनाम लावतात: त्या दोघांना मारणाऱ्याला. मराठीत यासाठी शब्द आहे, सुपारी. आपल्या मनात तो शब्द गुंडांशी जोडलेला, म्हणून इथे वापरताना जीव अडखळतो, कारण आपली सहानुभूती त्या बायकांकडे आहे. पण तोच वापरायला हवा. चावडीवर मिळालं नाही ते त्या बाजारात विकत घ्यायला निघाल्या आहेत. आणि बाजार तोलून माल देत नाही. डेव्हीचा गुन्हा माइकइतका नव्हता. दंडाचे घोडे आणून देताना तो एक जादा घोडा घेऊन येतो, सगळ्यांत देखणा, फक्त डेलायलासाठी. त्या सबंध गावात तिच्याशी थेट, तिच्यासाठी म्हणून बोललेला तो एकटा. डेलायलाचा चेहरा पाहा त्या क्षणी. ती बहुधा घेईलही. पण बाकीच्या बायका चिखलाचे गोळे फेकून त्याला हाकलतात. त्यांचा संताप खरा आहे, आणि तरीही तेव्हाही डेलायलाला कोणी विचारत नाही. स्किनीने तिच्या वतीने घोडे घेतले, मैत्रिणींनी तिच्या वतीने सूड मागितला.

सुपारी ही गरीब, नाडलेल्या बायकांची वाट होती असं वाटत असेल तर वायोमिंगच्या इतिहासातलंच एक पान पाहावं लागेल. एप्रिल १८९२ मध्ये तिथल्या बड्या गुरेमालकांनी जॉन्सन काउंटीवर, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यावर, सुमारे ५० हत्यारबंद माणसं पाठवली. त्यातली निम्मी टेक्सासहून भाड्याने आणलेली. सोबत मारायच्या माणसांची यादी होती. ही माणसं गुरं चोरतात असा मालकांचा दावा. ९ एप्रिलला त्यांनी नेट चॅम्पियन आणि त्याच्या सोबत्याला मारलं. चवताळलेल्या स्थानिकांनी हल्लेखोरांना वेढलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या हुकुमाने घोडदळ आलं आणि त्यांना सुखरूप सोडवून घेऊन गेलं. खटल्याचा खर्च काउंटीला पेलेना, आणि अखेर सगळे सुटले. सिनेमा आला तो बरोबर १०० वर्षांनी. या दोन सुपाऱ्या शेजारी ठेवल्या की दिसतं, एकीला लिटल बिल खून म्हणतो आणि दुसरीच्या रक्षणाला घोडदळ धावतं.

सिनेमातल्या इंग्लिश बॉबचा उद्योगही आठवून पाहा: रेल्वे कंपनीसाठी चिनी मजुरांवर गोळ्या झाडणं. हे संवादात ओझरतं येऊन जातं. पण २ सप्टेंबर १८८५ रोजी याच वायोमिंगमध्ये, रॉक स्प्रिंग्ज इथे, गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने किमान २८ चिनी कामगारांना ठार मारलं आणि एकालाही शिक्षा झाली नाही. ज्यांच्या मरणाचा साधा निवाडाही होत नाही अशी माणसं त्या मुलखात पुष्कळ होती.

बातमी पसरत जाते तशी वाढत जाते. गिऱ्हाईक म्हणून आलेले गुराखी ती गावोगाव नेतात. स्कोफील्ड किड नावाचा पोरगा मनीला सामील करून घ्यायला येतो तोवर डेलायलाचे डोळे काढलेले, कान कापलेले असतात. मनी ती हकिकत आपला जुना साथीदार नेड लोगन याला सांगतो तेव्हा त्यात आणखी भर पडते. का? कारण घावाच्या बदल्यात जीव घ्यायचा तर गुन्हा तेवढा मोठा हवा. घोड्यांच्या निवाड्यात तिचा घाव कमी मोजला गेला, आता सूडाच्या सोयीसाठी तो जास्त मोजला जातोय. खऱ्या घावाएवढा तो कोणीच मोजत नाही.

बोशाम्प नावाचा लेखक या धाग्याला जोडूनच येतो. १८६० पासून अमेरिकेत दहा सेंटांच्या स्वस्त कादंबऱ्यांची लाट होती. फ्रंटियरवरच्या खऱ्या माणसांना शूरवीर करून विकायचं, हा त्यांचा धंदा. बोशाम्प इंग्लिश बॉबचं असंच चरित्र लिहितो: एका स्त्रीच्या अब्रूसाठी द्वंद्व, दोन पिस्तुलांचा शत्रू वगैरे. लिटल बिल त्या प्रसंगी हजर होता. तो तुरुंगात बसून शांतपणे खरं सांगतो: बॉब दारूच्या नशेत होता, समोरच्याचं पिस्तूल त्याच्याच हातात फुटलं, आणि बॉबने जवळ जाऊन त्या जखमी माणसाला गोळी घातली. खोटी दंतकथा सोलून काढणारा लिटल बिल इथे आपल्याला आवडू लागतो. मग तोच बोशाम्प त्याचं चरित्र लिहायला बसतो आणि लिटल बिल खुलतो. त्याचंही त्या गोष्टीत येणं त्याला हवंच असतं.

मग प्रत्यक्ष मारणं येतं. इथे सिनेमाचा हात विलक्षण खंबीर आहे. डेव्हीवर नेड बंदूक रोखतो, आणि त्याच्याने दुसरी गोळी झाडवत नाही. तो इतक्या वर्षांत बदललाय, हे त्याला त्या क्षणी कळतं. मनी बंदूक घेतो आणि डेव्हीला पोटात गोळी लागते. तो लगेच मरत नाही. पाणी मागत राहतो. त्याचे सोबती गोळीच्या भीतीने पुढे येत नाहीत, तेव्हा मनी स्वतः ओरडून सांगतो की त्याला पाणी द्या, आम्ही मारणार नाही. मरणाऱ्याची तहान आणि मारणाऱ्याचा तो आवाज, मी वेस्टर्नमध्ये याच्याइतकं जड काही पाहिलेलं नाही. माइकला स्कोफील्ड किड मारतो, तो शौचाला बसलेला असताना. पाच जणांना मारल्याच्या बाता करणाऱ्या त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारलाय. नंतर झाडाखाली तो थरथरत दारू पितो, रडतो, आणि स्वतःची समजूत घालतो की त्याला ते भोगायचंच होतं, त्याचीच करणी. मनी त्याला सांगतो की असं पाहिलं तर भोगायचं सगळ्यांनाच आहे.

नेड मात्र घरी पोचत नाही. वाटेत पकडला जातो, आणि ज्याने कोणालाच मारलं नाही त्या नेडला लिटल बिल चाबकाने मारत मारत जीव घेतो. पहिल्या रात्री मागवलेला चाबूक, जो गोऱ्या गुराख्यांच्या पाठीवर पडला नाही, तो इथे एका काळ्या माणसाच्या पाठीवर पडतो. नेडचं काम मॉर्गन फ्रीमन यांनी केलं आहे. सिनेमात त्याच्या रंगाबद्दल कोणी एक शब्द काढत नाही; चाबकाचं दृश्य पाहताना प्रेक्षकाला तो इतिहास सांगावा लागत नाही. त्यात १९९२च्या एप्रिलअखेरीस, रॉडनी किंग या काळ्या तरुणाला मारहाण करणारे पोलीस सुटल्यावर, लॉस एंजेलिस पेटलं होतं. सिनेमा ऑगस्टमध्ये लागला.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला इथे ‘शोले’ आठवणं साहजिक आहे. तोही वेस्टर्नच्याच घराण्यातला. त्याच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो. पण ऑगस्ट १९७५, आणीबाणी नुकतीच लागलेली. सेन्सॉरने हरकत घेतली आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असा शेवट चित्रित झाला. कायद्याची आठवण करून देणारा पोलीस तिथे बाहेरून आणून बसवावा लागला. ‘अनफर्गिव्हन’मध्ये असा पोलीस आणायची सोय नाही, कारण पोलिसाच्याच हातून नेड मेलाय.

नेडचं शव गुत्त्याबाहेर उघड्या शवपेटीत, मारेकऱ्यांचं इथे असं होतं अशा पाटीसकट ठेवलेलं असतं. क्लॉडियासाठी सोडलेली दारू मनी पुन्हा तोंडाला लावतो आणि पावसात गुत्त्यात शिरतो. सबंध सिनेमाभर जो म्हातारा धडपडताना पाहिला, त्याचा हात आता थरथरत नाही. पहिली गोळी निःशस्त्र स्किनीला, ज्याने आपल्या गुत्त्यासमोर नेडचं शव मिरवलं त्याला. पाच माणसं मरतात. इथे प्रेक्षक म्हणून आपल्याला बरं वाटतं. खोटं कशाला बोला, मलाही वाटलं. जुना वेस्टर्न आपल्यातही मुरलेला असतो, आणि दिग्दर्शकाने तो अचूक तिथे हात घालून बाहेर काढलाय. जखमी लिटल बिल म्हणतो, असं मरण माझ्या वाट्याला यायला नको होतं, मी घर बांधत होतो. मनी उत्तर देतो की लायकी-नालायकीचा इथे काही संबंध नाही, आणि गोळी झाडतो. पाच घोडे, दोन घोडे, हजार डॉलर, इतका वेळ जो तो ‘ज्याचं त्याला’ मोजून देत होता. तो हिशेबच या वाक्याने संपतो. त्याच्या जरा आधी बोशाम्प थरथरत पुढे येऊन विचारतो की आधी कोणाला मारलंत, क्रम कसा ठरवलात. मनी म्हणतो, क्रमाच्या बाबतीत नशीब चांगलं होतं.

शेवटच्या अक्षरांतून कळतं की पुढे मनी मुलांना घेऊन निघून गेला. काहींच्या मते सॅन फ्रान्सिस्कोला, तिथे कापडचोपडाच्या व्यापारात त्याला बरकत आली म्हणे. कोणत्याही न्यायालयाने त्याला बोलावलं नाही.

पण त्याआधी, गाव सोडताना, तो घोड्यावरून अंधारात ओरडून दोन अटी घालतो. नेडला नीट पुरा. आणि यापुढे त्या बायकांपैकी कोणाला कापायचं नाही, इजा करायची नाही. नाहीतर परत येईन आणि एकेकाला मारीन. त्याच्या मागे पावसात भिजलेला अमेरिकेचा झेंडा दिसतो. पहिल्या रात्री ॲलिसने शेरीफकडे जे मागितलं होतं त्यातला निदान एवढा भाग आता गावाला लागू झाला आहे, आठ माणसं मेल्यावर, एका खुन्याच्या धमकीने. रस्त्यावर कोणी त्याच्यावर गोळी झाडत नाही. बायका बाहेर येऊन उभ्या आहेत. त्यांच्यात डेलायला आहे, चेहऱ्यावरचे व्रण पावसात चमकताहेत, आणि ती त्याला जाताना नुसती पाहते आहे.